मळजाईचा कौल

वार मंगळवार, चैत्र वद्य अष्टमी, मळजाईच्या यात्रेचा दिवस. हजर माणसं अशी: माझे वडील, म्हणजे दादा. दादांची थोरली बहीण हौसाआत्या. शिरपा गुरव. बाजीकाका आणि त्याच्या भावकीतले बाप्ये. आमच्या आळीतल्या काही बायका. लाँचवाला सदू. जंगल खात्याचा एक गार्ड. आणि मी, मालन, नुकतीच बारावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली. आई आली नव्हती, कारण म्हैस व्यायला झाली होती आणि म्हशीला यात्रा कळत नाही. साल लिहीत नाही. आमच्या गावात कुणी सालाने बोलत नाही. 'पाणी यायच्या आधी', 'वर असताना' आणि 'माळावर आल्यावर' असे आमचे तीनच काळ आहेत, आणि ही गोष्ट माळावर आल्यानंतरची आहे.

तीन काळ म्हटले, तर ते आधी उलगडून सांगायला हवेत. आमची तांबटी, आमचं मूळ गाव, कोयनेच्या खोऱ्यात, नदीच्या काठाला होती. धरण झालं तेव्हा ती पाण्यात गेली आणि माणसं वरच्या टेकडीवर सरकली. पुढे त्या सगळ्या डोंगराचं अभयारण्य झालं आणि टेकडीवरूनही उठावं लागलं. मी तेव्हा इतकी लहान होते की टेकडीवरचं मला धुकं आणि चुलीचा धूर एवढंच आठवतं, आणि त्यातलं धुकं कुठलं आणि धूर कुठला हेही सांगता येत नाही. आम्हाला जमीन मिळाली ती सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कुसळाच्या माळावर. जिथं बाराही महिने पायाखाली ओल असायची तिथून उठून आमची माणसं अशा ठिकाणी आली, जिथं मृगात ढग नुसते तोंड दाखवून जातात. हौसाआत्या पहिली काही वर्षं आषाढात रात्रीची उठून बसायची. पाऊस वाजत नाही म्हणून तिला झोप यायची नाही. त्याऐवजी ऐकू यायच्या त्या लांबून जाणाऱ्या धनगरांच्या मेंढरांच्या घंटा आणि पत्र्यावर आपटणारा वारा.

घरात दोन स्वयंपाक होते, असं म्हटलं तरी चालेल. आई ज्वारीच्या भाकरी करायची, कारण माळावर ज्वारीच पिकत होती. आत्याला ती भाकरी 'पांढरी' वाटायची. ती शनिवारच्या बाजारातून नाचणी आणायची, दगड निवडून, पाखडून, घरच्या जात्यावर दळायची आणि आपल्यापुरत्या दोन काळ्या भाकरी थापायची. दादा जेवायला बसले की आधी आईची भाकरी खायचे, आणि आई पाणी आणायला आत गेली की आत्याच्या ताटातला तुकडा उचलायचे. आईला हे माहीत होतं. ती पाणी आणायला मुद्दाम वेळ लावायची. आज मी साताऱ्यात एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघते. कुठल्या पंगतीला काय कमी पडणार हे मला आदल्या दिवशी कळतं. ही अक्कल मला आईच्या त्या पाणी आणायला जाण्यातून आली असावी.

आत्या आमच्याकडे का राहायची, हेही सांगते. तिचं लग्न तांबटीतच झालं होतं. नवरा मुंबईला गोदीत गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्यापासून तिला एक मुलगा झाला होता. तो रांगायलाही लागला नव्हता. पावसाळ्यात ताप आला, नदीला पूर होता, पलीकडे वैद्याकडे न्यायला होडी लागली नाही. आमच्याकडे एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. खालच्या शेताच्या कडेला, पाणंद संपते तिथं उंबराखाली त्याला ठेवला. पुढं धरणाचं पाणी आलं आणि ती जागा बुडाली. पण पाणी उन्हाळ्यात खाली जातं. टेकडीवर असेपर्यंत आत्या दर चैत्रात, पाणी उतरलं की, काठाकाठाने वळसा घालून तिथं जायची आणि तांब्याभर दूध घालून यायची. माळावर आल्यावर तिला ते फक्त यात्रेच्या दिवशी जमायचं. कारण अभयारण्यात आम्हाला टेकडीवरच्या मळजाईच्या पूजेपुरतं, एका दिवसासाठी सोडत असत.

आणि त्या वर्षी दादांनी ठरवलं होतं की देवी माळावर आणायची.

दादांचं चुकत होतं असं नाही. आम्ही ज्या गावाच्या शिवारात येऊन राहिलो, ते लोक वाईट नव्हते, पण त्यांच्या जत्रेत पालखी उठली की आमच्या पोरांच्या खांद्याला दांडी यायची नाही. "धरणवाल्यांनी मागनं चालावं," असं कुणीतरी हसत हसत म्हणायचं आणि सगळे हसायचे, आमचेही. लग्न ठरलं की पहिली ओटी कुठं भरायची हा प्रश्न पडायचा. आमची देवी डोंगरापलीकडं, पाण्यापलीकडं, आणि तिच्याकडं जायला परवानगी लागायची. म्हातारी माणसं दर वर्षी गळत होती. दादा म्हणायचे, "एकदा पाण्यातनं वर आणलीच की आपण तिला. तवा कौल दिला तिनं. आता बी दील." यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त देवी उठली की पूजा उठणार, आणि पूजा उठली की त्या एका दिवसाची वाटही बंद होणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. त्यावर बोलत कुणीच नव्हतं. आत्या तर आठवडाभर दादांशी एक अक्षर बोलली नव्हती. जेवताना तिनं ताट जरा लांब घ्यायला सुरुवात केली होती, एवढंच.

आदल्या दिवशी आम्ही दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, नैवेद्याचं पुरण शिजवून घेतलं. सगळं बांधून मी डब्यांवर खुणा केल्या, कुणाचं काय ते. पहाटे टेम्पो निघाला. कराडला चहा झाला, साताऱ्याला ऊन वर आलं, आणि कासच्या पठारावर वारा असा लागला की बायकांनी पदर दातात धरले. तिथून उतार सुरू होतो आणि एका वळणावर एकदम खाली पाणी दिसतं. दर वर्षी त्या वळणावर टेम्पोत कालवा व्हायचा. कुणी जयजयकार करायचं, कुणी आपली बुडालेली शेतं बोटानं दाखवायचं. त्या वर्षी पाणी फारच खाली गेलं होतं. दोन्ही अंगाला डोंगराचे पाय उघडे पडले होते, पायऱ्या पायऱ्यांचे, पाणी जिथं जिथं थांबलं त्याच्या रेघा असलेले. "आई गं, गाव वर आलंय!" कुणी बाई म्हणाली. आत्या टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली आणि बामणोली येईपर्यंत खाली बसलीच नाही.

बामणोलीला गार्ड भेटला. तरुण होता, विदर्भातला. आमच्याशी बोलताना तो अदबीनं वागायचा आणि आमचं निम्मं त्याला कळायचं नाही. जंगलात विडी नको, प्लास्टिक नको आणि ऊन कलायच्या आत लाँच परत सुटली पाहिजे, असं त्यानं बजावलं. बाजीकाका म्हणाला, "साहेब, आमी हितलेच. वाघाला बी आमची वळख हाय." गार्ड म्हणाला, "वाघाला असेल हो काका, मला वर उत्तर द्यावं लागतं." हशा पिकला. लाँचमध्ये मी माणसं मोजली, कारण ते काम माझं होतं, आणि सदूनं इंजिन चालू केलं.

त्या पाण्यावरून जाताना कुणी फार बोलत नाही. इंजिनाचा धडधडाट डोंगरांवर आपटून परत येतो. दोन्ही बाजूंना इतकं दाट रान की त्यात काही हलतं आहे की नजर हलते आहे हे समजत नाही. पाण्यातून बोडक्या झाडांचे शेंडे वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. दादा सदूशेजारी उभे राहून "हितं डावीकडं घे, खाली वड्याची दरड हाय" असं सांगत होते. वर पाणी होतं, पण ते खालच्या गावातून चालले होते. आमची सगळीच म्हातारी माणसं तशी. त्यांच्या डोक्यात एक गाव कायम कोरडं असतं. पुढं जे झालं ते यामुळेच झालं असं मला वाटतं.

देऊळ म्हणजे टेकडीच्या उतारावर, करवंदीच्या जाळीत, चार भिंती आणि कौलं. आत मळजाईचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेली घडीव नसलेली शिळा. माणसं गेल्यापासून रान देवळाच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. बाप्यांनी कोयत्यानं वाट केली, बायकांनी झाडलोट केली, शिरपा गुरवानं देवीला पाणी घातलं. मग नैवेद्याच्या आधी कौलाचं ठरलं. आमच्याकडे कौल लावायची रीत अशी, की शिळा ओली करून तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवायचं. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि प्रश्न विचारायचा तो घरातल्या कर्त्या पुरुषानं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फूल पडताना पाच पंचांनी समोर बसून ते बघायचं. एक प्रश्न एका दिवसात एकदाच.

शिरपाचं वय झालं होतं, पण गाऱ्हाणं घालताना त्याचा आवाज तरण्या माणसाचा व्हायचा. त्यानं सगळ्या दिशांच्या देवांना साद घातली, पाण्याखालच्या वेताळाला, वेशीवरच्या म्हसोबाला, जे आता कुठंच नाहीत त्यांनाही. मग दादा पुढं सरकून बसले आणि हात जोडून म्हणाले, "आई, आमी तुला सोडून गेलो न्हाई. आमाला उठवलं. पण आता तुझी लेकरं तिकडं हायती. चलतीस का आमच्यासंगं? चलत असशील तर उजवी दे."

फुलं जागची हलेनात. असं होतं कधी कधी. सगळे बसून राहिले. बाहेर कोकीळ ओरडत होता, करवंदीच्या वासात शेंदराचा वास मिसळला होता. बाजीकाका दादांना म्हणाला, "तुकाबापू, जरा गोड बोला तिच्याशी. बायकामाणूस हाय, घर सोडायचं म्हंजी येळ लागणारच." कुणी हसलं नाही. मला बसवेना. नैवेद्य मांडायची पानं धुवायची राहिली होती, म्हणून मी बाहेर आले. पानं मांडताना सवयीनं माणसं मोजली आणि एक कमी आलं. पुन्हा मोजलं. बायकांना विचारलं, "आत्या कुठं हाय?" त्या म्हणाल्या, "आत असंल." आत नव्हती. आणि नैवेद्याच्या दुधाचा तांब्या जागेवर नव्हता.

मी उताराच्या कडेला येऊन खाली बघितलं. टेकडीच्या पायथ्याशी उघडी पडलेली तांबटी दिसत होती: घरांची जोती, विहिरीचं कडं, आणि त्यांच्यामधून खाली गेलेली पाणंद, दोन्ही बाजूंना दगडाचे गडगे असलेली. दर वर्षी आत्या काठाच्या मुरमावरून वळसा घालून जायची. त्याला वेळ लागायचा. त्या दिवशी आत कौल लागत होता आणि पुन्हा यायला मिळेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून ती सरळ पाणंदीनं उतरली होती. सासरहून शेताला आणि शेतावरून घरी ती त्याच वाटेनं हजारदा गेली असेल. तिच्या पायांना ती वाट दगडी होती. पण एवढ्या वर्षांत त्या दोन गडग्यांच्या मध्ये गाळ भरून बसला होता. वरून उन्हानं तडकून खपल्या धरलेला, आतून लोण्यासारखा. मला दिसलं ते एवढंच: गडग्याच्या मध्ये कमरेच्या वरचं माणूस आणि वर धरलेला हात.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण कौलाला बसलेले सगळे उठून बाहेर आले. पंच, बाप्ये, बायका, गार्ड, सगळे उतारावरून धावत सुटले. फक्त शिरपा गुरव देवीसमोर बसून राहिला, कारण कौल लावून गुरवानं उठायचं नसतं.

मुरमाची कड संपते तिथं सगळे थबकले. बाजीकाकानं एक पाय पुढं टाकला आणि तो गुडघ्यापर्यंत गेला. त्याला मागं ओढला. मी सदूला म्हटलं, "लाँचमधल्या बसायच्या फळ्या काढ." तो बघतच राहिला. मग गार्डच त्याच्याबरोबर पळाला. फळ्या आल्या, त्या एकीपुढं एक टाकल्या, आणि दादा कुणाला काही न विचारता अंगातला सदरा काढून पालथे झोपले आणि सरपटत निघाले. गाळ फळ्यांखाली चुबुक चुबुक वाजत होता. आत्या तोवर काखेपर्यंत गेली होती. तांब्या तिनं अजून डोक्यावर धरला होता. काठावरून बायका ओरडत होत्या, "आत्याबाई, तांब्या सोडा! दोन्ही हात मोकळे करा!" आणि ती तिकडून सांगत होती, "सांडंल की गं!"

दादा तिच्यापाशी पोचले. त्यांचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं, पाण्यावरून आवाज फार लांब जातो.

"आक्का, हात दे."

"देवीचं काय झालं?"

"फूल अजून हाय जागंवर. हात दे तू."

"मग पडू दे की आदी. मी काय कुठं जात न्हाई."

"आगं, गाळ काय कौलाची वाट बघत बसतोय व्हय? हात दे म्हंतो ना!"

आत्यानं हात दिला नाही. ती म्हणाली, "तुका, ह्यो बघ उंबराचा बुंधा. माझ्यापास्नं दोन हातावर आलाय. एवढ्या लांबनं आले आणि दोन हात ऱ्हायले." तिचा आवाज रडण्याचा नव्हता. बसमध्ये जागा न मिळालेल्या बाईसारखा, नुसता वैतागलेला होता. "तू कवाच आला न्हाईस हितं. एकदा तरी यायचं हुतंस."

दादांनी तिच्या हातातला तांब्या घेतला. फळीच्या टोकापर्यंत आणखी सरपटले, इतके की फळी पुढून खाली बुडाली आणि त्यांची हनुवटी गाळाला लागली. तिथून हात लांब करून त्यांनी दूध ओतलं. कोरड्या खपल्यांच्या भेगांत ते लगेच दिसेनासं झालं. "पोचलं बघ," ते म्हणाले. "सगळं पोचलं. आता तरी दे हात."

मग तिनं दोन्ही हात दिले. तिला बाहेर काढायला फार वेळ लागला. सदूनं लाँचचा दोर फेकला, दादांनी तो कमरेला बांधला आणि काठावरून सगळे ओढत होते, बाजीकाका सगळ्यांत पुढं, शिव्या घालत आणि रडत. आत्याचं नऊवारी लुगडं गाळानं इतकं जड झालं होतं की बायकांनी तिला आडोशाला नेऊन माझी ओढणी आणि कुणाचं तरी परकर-पोलकं नेसवलं. पाय मुरगळला होता. बाकी धडधाकट होती. तिला बाप्यांनी उचलून देवळापाशी आणलं.

शिरपा गुरव उंबऱ्याशी आला. त्याचा चेहरा उजळला होता. "उजवी दिली आईनं," तो म्हणाला. "तुमी गेला आणि पडलं बघा फूल. आपोआप."

सगळ्यांनी आत वाकून बघितलं. उजव्या अंगाला फूल खाली पडलेलं होतं. डावं अजून शिळेच्या खांद्यावर तसंच. यात काही संशय नव्हता, ते सगळ्यांना दिसत होतं.

"झालं तर मग," बाजीकाका म्हणाला. "घ्या, उचला. पहारी कुठं हायत?"

दादा दारात उभे होते. अंगावरचा गाळ वाळायला लागला होता. हलले की पापुद्रे पडायचे. "पडताना कुणी बघितलं?" ते म्हणाले.

"मी बघितलं की," शिरपा म्हणाला.

"गुरवाचं बघणं धरत न्हाईत. पाच पंच लागतात. पंच सगळे खाली हुते."

"आवं तुकाबापू!" बाजीकाकाचा आवाज चढला. "सकाळधरनं 'उजवी दे, उजवी दे' कुणाचं चाललं हुतं? टेम्पो कुणी ठरवला? आमाला हितं आणलं कुणी?"

"मीच आणलं. पण मी बघितलं न्हाई."

"मग पुन्यांदा लावा!"

"एका दिवसात दोनदा लावत न्हाईत. तुला ठावं हाय."

बाजीकाका जवळ आला. मला वाटलं, हात उचलतो. त्यानं तो उचलला नाही. अंगणात बसलेल्या आत्याकडं बोट करून तो हळू म्हणाला, "हिच्यासाठी आख्ख्या गावाला देवापास्नं तोडतोयास. लक्षात ठिव." गार्ड घड्याळाकडं बघत उभा होता. त्याला बिचाऱ्याला एवढंच कळत होतं की काहीतरी मोठं बिनसलं आहे आणि ऊन कललं आहे. दुधाचा तांब्या रिकामा होता, म्हणून नैवेद्य नुसता पुरणाचा दाखवला. तो कुणी बसून खाल्ला नाही. मी पानं तशीच गुंडाळली. लाँचमध्ये फळ्या चिखलानं माखलेल्या, म्हणून सगळे उभे राहून आले, बामणोलीपर्यंत.

त्या दिवसानंतर आमच्या गावाचे दोन झाले. पुढच्या वर्षी बाजीकाकाच्या लोकांनी कराडहून काळ्या दगडाची मूर्ती घडवून आणली आणि माळावर बसवली. तिलाही मळजाईच म्हणतात. दादांना त्या दिवशी बोलावणं नव्हतं. मांडवाचं गाणं आमच्या घरी ऐकू येत होतं आणि दादा गोठ्यात म्हशीच्या अंगावरची गोचिडं काढत बसले होते. पुढं कुणाची बोअर कोरडी गेली, कुणाची पोरगी माहेरी परत आली, की कुणीतरी हमखास तो कौल काढायचं. दादांनी कधी कुणाशी वाद घातला नाही. यात्रेला आम्ही आमच्या पाच-सहा घरांचे जात राहिलो. शिरपा गेला, मग जाणारे आणखी कमी झाले. आत्याचे गुडघे गेले. दादा शेवटचे जाऊन आले ते एकटेच, येताना पिशवीभर करवंदं घेऊन. पुढच्या चैत्रात ते नव्हते.

आता तिकडं काठाला तंबू लागतात. कार्यालयात लग्नाला आलेली मुलं मला फोनवर फोटो दाखवतात, "मावशी, किती शांत जागा आहे बघा!" मी म्हणते, खरंच आहे. पाणी भरलेलं असतं, फोटोत खालचं काही दिसत नाही.

आत्या माझ्याकडे साताऱ्यात असते. नव्वदीकडे झुकली आहे, ऐकू कमी येतं, नाचणीची भाकरी मिक्सरमधल्या पिठाची असली तर लगेच ओळखते. यंदा पाडव्याला मी तिच्यासमोर गुढीला साखरेची गाठी बांधत होते, तेव्हा ती एकदम म्हणाली, "मालू, तिला आता आणा हिकडं."

"कुणाला?"

"आईला. मळजाईला. एकटी पडली गं ती. दिवा न्हाई, बत्ती न्हाई."

मी म्हटलं, "आणि तुझं, आत्या? त्याचं?"

"त्याचं काय? मीच जायची हाय आता त्याच्याकडं," ती म्हणाली. "हिला कोण हाय?"

तेव्हापासून मी कामाला लागले आहे. माणसं जमवणं मला जमतं. परवानगीसाठी कुणाला भेटायचं ते विचारून ठेवलं आहे. पंच म्हणून बाजीकाकाचा मुलगा यायला तयार झाला. फोनवर म्हणाला, "येतो आक्का. आमच्या म्हाताऱ्याच्या बी शेवटी त्येच मनात हुतं." शिरपाचा नातू पुण्यात कॅब चालवतो. तो म्हणाला, "सुट्टी काढीन काकू, पण मला गाऱ्हाणं येत न्हाई. आज्जानं कुणाला शिकवलंच न्हाई." शिरपाचं गाऱ्हाणं पाठ असलेलं माणूस आता एकच उरलं आहे. म्हणून रविवारी कार्यालयाला सुट्टी असली की मी आत्याला समोर बसवते, फोन चालू करून मांडीवर ठेवते, आणि ती डोळे मिटून म्हणते. सगळ्या दिशा म्हणते, पाण्याखालचा वेताळ, वेशीवरचा म्हसोबा, एकही नाव चुकत नाही. प्रश्नापाशी आली की थांबते. "फुडचं तुझा दादा म्हणायचा," असं सांगते आणि पाणी मागते. मी म्हणते, आत्या, एवढं एकच वाक्य राहिलंय, म्हण की. ती म्हणते, आता न्हाई, फुडच्या रविवारी.